सव्याज विलंब

माझी एकतीस वर्षं व्याज मोजण्यात गेली. सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत वसुली खात्यात होतो. थकबाकीदाराला जाणाऱ्या नोटिशीचा मसुदा मला झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन : 'विलंब झाल्यास सदर रक्कम सव्याज वसूल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' विलंब आणि सव्याज हे दोन शब्द माझ्या डोक्यात बैलजोडीसारखे एका जुवाला बांधलेले आहेत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर आजोबांच्या कपाटातली शाकुंतलाची प्रत काढली आणि पहिल्या अंकाच्या अगदी शेवटी, कंसातल्या सूचनेत, 'शकुन्तला राजानमवलोकयन्ती सव्याजं विलम्ब्य सह सखीभ्यां निष्क्रान्ता' हे वाचलं, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. आतून बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "कालिदासाने नोटीस काढलीय."

तिथे व्याज म्हणजे बहाणा, निमित्त. मराठीने हा जुना अर्थ 'निर्व्याज'सारख्या मोजक्या शब्दांत तेवढा शिल्लक ठेवला आणि बाकीचं सगळं सावकाराच्या वहीत नेऊन घातलं. तर, शकुंतला राजाकडे बघत, काहीतरी निमित्त काढून रेंगाळते आणि मैत्रिणींबरोबर निघून जाते. कंसातली एक ओळ. पण या एका रेंगाळण्यावरची दोन चित्रं आमच्या गावभागातल्या घरात, सोप्यात, समोरासमोरच्या भिंतींवर होती. त्यांतलं एक आता उरलंय, आणि तेही होतं तसं नाही.

पहिलं चित्र तुम्हीही पाहिलेलं आहे. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टेकलेला, एक पाऊल मागे उचललेलं, दुसरा हात त्या पावलाकडे, आणि मान मात्र भलतीकडेच वळलेली. राजा रविवर्म्यांची काटा काढणारी शकुंतला. मूळ तैलचित्र केरळातलं. पण १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि एकेका रंगाला एकेक दगड असे ठसे चढवत निघालेली त्यांची चित्रं घरोघरच्या माजघरांत, देवघरांत, दुकानांच्या गादीवर जाऊन बसली. आमच्याकडचं चित्र कोणी आणलं ते माहीत नाही. खालची छापखान्याची ओळ वाळवीने खाल्लेली होती. आजीने हौसेने शकुंतलेच्या साडीच्या काठावर खरी जर शिवली होती आणि केसांत तीन टिकल्या लावल्या होत्या. तेव्हा अशी चित्रं नटवायची पद्धतच होती. दुपारी दाराच्या फटीतून ऊन आलं की आधी त्या टिकल्या चमकत आणि मग शकुंतला दिसे.

आजोबा संस्कृतचे मास्तर. त्यांना हे चित्र आवडायचं नाही, म्हणजे आवडायचं, पण तक्रार केल्याशिवाय बघवायचं नाही. पाहुणा आला, चित्राकडे बघून "वा, काटा रुतलाय" म्हणाला की संपलं. "काटा कुठला? दर्भ! दर्भाचा कोंब!" आणि लगेच वसंततिलका वृत्तात सुरू :

दर्भाङ्कुरेण चरणः क्षत इत्यकाण्डे
तन्वी स्थिता कतिचिदेव पदानि गत्वा।
आसीद्विवृत्तवदना च विमोचयन्ती
शाखासु वल्कलमसक्तमपि द्रुमाणाम्॥

दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला हे सांगतो. चार पावलं गेली नाही तोच, 'पायाला दर्भाचा कोंब लागला' म्हणून ती एकाएकी थांबली, आणि तोंड मागे फिरवून, फांद्यांना न अडकलेलंसुद्धा वल्कल सोडवत बसली. विदूषक यावर काय म्हणतो तेही आजोबा रंगवून सांगत : तर मग शिदोरी बांधून घ्या महाराज, तुम्ही तपोवनाचं उपवन केलेलं दिसतंय. पाहुणा तोवर चहा संपवून चपला शोधत असे.

आजोबांची खरी तक्रार दर्भाची नव्हती. ते म्हणत, "बहाणे दोन आहेत. पायाचा आणि वल्कलाचा. या गृहस्थांनी पहिला घेतला, दुसरा सोडला. अर्धाच श्लोक रंगवलाय. शिवाय वल्कल कुठाय? साडी नेसलीय ती."

यात मी रविवर्म्यांची बाजू घेईन. उचललेलं पाऊल भिंतीवरून, दहा हातांवरून दिसतं. ते बघून न शिकलेल्या माणसालाही कळतं की बाईला पायाशी काही देणंघेणं नाही, तिचं लक्ष मागे आहे. आणि ज्याच्याकडे ती बघतेय तो माणूस चित्रात घेतलेलाच नाही. तिच्या नजरेमागे आपण जातो तर चौकटच संपते. माझ्या मते रविवर्म्यांचं सगळं कसब या न काढलेल्या राजात आहे. पण न अडकलेलं कापड? 'असक्तम्' एकवेळ काढता येईल, फांदीपासून कापड लांब दाखवलं की झालं. 'अपि' कसा काढायचा? ते 'सुद्धा'?

थोडं नाटकाचं सांगतो, कारण सांगलीचा माणूस चित्राबद्दल बोलता बोलता नाटकावर आला नाही तर लोकांना काळजी वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे सीतास्वयंवर केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल मराठी पदांतून रंगभूमीवर आणलं, आणि १९०५ साली शेजारी मिरजेत बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले ते शकुंतला म्हणूनच. सांगली-मिरजेच्या प्रत्येक जुन्या घरात एक पणजोबा असतो ज्याने तो प्रयोग पाहिलेला असतो. सगळे पणजोबा खरे धरले तर ते नाटक मैदानावर करावं लागलं असतं. आमचे पणजोबाही त्यांतलेच. सांगायचा मुद्दा, शकुंतलेचं थांबणं आमच्याकडे पुस्तकातून आलेलं नव्हतं, ते घरातल्या भांड्याकुंड्यांसारखं होतं. त्यामुळे आत्याने तिचं चित्र काढलं तेव्हा ती काही थोर करतेय असं कोणालाच वाटलं नाही.

आत्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची. वर्षातले दोन महिने एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या मुलींची स्थिरचित्रं आणि उरलेले दहा महिने शाळेचे फलक, स्नेहसंमेलनाचे पडदे, मुख्याध्यापिकाबाईंच्या मुलीच्या लग्नातली रांगोळी. स्वतःचं असं तिने फार थोडं काढलं. एका मे महिन्यात तिने सुताराकडून हार्डबोर्डचा दीड बाय दोन फुटांचा तुकडा कापून आणला, त्याला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात मारले, आणि परसातल्या कोरांटीची एक फांदी तोडून पितळी तांब्यात उभी केली. नाटकात शकुंतला म्हणते, कुरबकाच्या फांदीला वल्कल अडकलं. कुरबक म्हणजे कोरांटी, असं आजोबा सांगत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, टर्पेंटाइनचा वास आवडतो म्हणून तिच्याजवळ बसून राहायचो.

चित्रात बाई नाही. उजवीकडून कोरांटीची फांदी आत येते, पानांच्या बगलेत बारीक काटे, एक कळी अजून मिटलेली. डावीकडून एका जाड्याभरड्या, तपकिरी वस्त्राचा कोपरा येतो आणि तो दोन बोटांच्या चिमटीत धरलेला आहे. बोटं टोकापुरतीच, नखं कापलेली, करंगळीच्या बाजूला कसलासा मळ. वस्त्राचे दोन धागे निघालेले आहेत आणि ते काट्याच्या अगदी जवळ येऊन थांबतात. धागा आणि काटा यांच्यात तांदळाच्या एका दाण्याएवढं अंतर. बाकी सगळीकडे रंग जाड, काही ठिकाणी सुरीने लावलेला, पण या दाण्याएवढ्या जागेत काहीच नाही. तिथे नुसता प्रायमर.

मी विचारलं, "इथे राहिलं का?"

"तिथे काही रंगवायचं नाही," आत्या म्हणाली. "रंगवलं की अडकलं."

वाळल्यावर तिने मागच्या बाजूला पेन्सिलीने 'असक्तमपि' लिहिलं आणि आजोबांच्या समोर नेऊन ठेवलं. वडील म्हणाले, "हे कशाचं आहे?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "कापड वाळत घातलंय होय?" आजोबा हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा उरलेला अर्धा श्लोक." आणि स्वतःच खुर्चीवर चढून समोरच्या भिंतीला खिळा मारला. उतरताना मात्र राहवलं नाही. "खाली एक दर्भ काढला असतास तर पूर्ण झालं असतं."

आता सायकलीचं सांगायला हवं. आत्याकडे हिरवी लेडीज सायकल होती. रविवारी सकाळी ती मला कॅरिअरवर बसवून हरिपूरला न्यायची. कृष्णा-वारणेच्या संगमावर ती चित्रं काढी आणि मी संगमेश्वराच्या देवळाबाहेर भडंग खात बसे. हरिपूरचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी चिंचा, जुन्या, एकमेकींत गुंतलेल्या. भर उन्हाळ्यातसुद्धा त्या रस्त्यावर डोकं तापत नाही. पुढे गाव लागलं की हळदीचा वास. तिथे जमिनीच्या पोटात पेवं असत, त्यांत पोत्यांनी हळद साठवलेली. २००५च्या पुराने त्यांतली बरीच गेली.

गावाच्या थोडं अलीकडे एका घराचा दगडी कट्टा होता. तिथे आत्याच्या सायकलीची चेन पडायची. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. ती उतरायची, मला उतरवायची, पदर खोचून चाकापाशी बसायची. कट्ट्यावर एक माणूस वह्या तपासत बसलेला असे. लाल शाईचं पेन, बाजूला तांब्या. तो मान वर करून म्हणे, "चेन पडली का?" आत्या म्हणे, "हो. बसली आता." एवढंच संभाषण. मग आम्ही पुढे जायचो.

मला सायकलीचं वेड होतं. चेन बसवली की बोटं काळी होतात हे मला पक्कं माहीत होतं. आत्याची बोटं कधीच काळी झाली नाहीत. एकदा मी वाकून बघितलं, तर चेन जागच्या जागी, तेल घातलेली, दात न् दात बसलेला. मी म्हणणार होतो, "अगं पडली कुठाय?" पण आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यामुळे मी गप्प बसलो.

यात कोणी गोष्ट शोधत असेल तर आधीच सांगतो, पुढे काही झालं नाही. तो माणूस कोण, त्याचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. आत्याचं लग्न उशिरा झालं, बत्तिसाव्या वर्षी, तासगावात. आतोबा सरळ, हसरा माणूस. द्राक्षबागेवर आणि आत्यावर जीव टाकणारा. संसार चांगला झाला. सासरी जाताना आत्याने रंगांची पेटी नेली, इझल नेलं, हिरवी सायकलसुद्धा टेम्पोत घातली. चित्र नेलं नाही. आई म्हणाली, "अगं, तुझं आहे ते, घेऊन जा." आत्या म्हणाली, "तिथे लावायला भिंत नाही." तासगावचं ते घर मी पाहिलंय. त्याला भिंतींशिवाय दुसरं काही नाही.

चित्र राहिलं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसेनाशी होते तसं तेही दिसेनासं झालं. आजोबा गेले, आईवडील गेले. मी नोटिसा काढत राहिलो.

मे २०१९ मध्ये मी निवृत्त झालो आणि ऑगस्टमध्ये पूर आला. सांगलीत पावसाळ्यात कोणी कोणाला 'काय चाललंय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन पुलावर पाणी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसाला धोका. आमच्या गावभागात प्रत्येकाच्या डोक्यात २००५च्या पाण्याची रेघ होती, काहींच्या भिंतीवरही होती. मी बँकवाला माणूस. मागच्या आकड्यावर थोडा टक्का चढवून हिशेब केला आणि त्यावरचं सगळं सुरक्षित धरलं. धान्य, गॅस, कागदपत्रं, आजोबांच्या पुस्तकांचं कपाट वर माडीवर चढवलं. सोप्यातली चित्रं उंच होती, ती राहू दिली. आम्ही विश्रामबागेत मेहुण्याकडे गेलो. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझा हिशेब चुकला.

पाणी उतरल्यावर घरात शिरलो तेव्हाचं वर्णन करत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना ते नको असतं आणि ज्यांनी नाही त्यांना कळत नाही. चित्रांचंच सांगतो. रविवर्म्यांची शकुंतला काचेला चिकटली होती. मी खालून ब्लेड घालून कागद सोडवायला गेलो, तर कागद लगद्यासारखा हातात आला आणि तिचा चेहरा, तो मागे वळलेला, काचेवरच राहिला. आजीची जर तेवढी शाबूत. दोन टिकल्या गाळात सापडल्या, तिसरी नाही. काच तशीच वाळवून बघू म्हणून कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी चेहऱ्याचे पोपडे निघून गेले होते.

आत्याचा हार्डबोर्ड कडांनी फुगला होता, एक कोपरा पुस्तकासारखा उलगडला होता. पण तैलरंग टिकला होता. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसलं तर फांदी आली, कळी आली, चिमटीतली बोटं आली. मग मी धागा आणि काटा यांच्यामधली जागा बघितली.

तिथे गाळ बसला होता. जिथे जिथे रंग होता तिथे पाणी वरवर फिरून गेलं होतं. जिथे रंग नव्हता, नुसता प्रायमर होता, तिथे ते आत शिरलं होतं. आठवडाभर कृष्णेचं गढूळ पाणी त्या एका दाण्याएवढ्या उघड्या जागेतून झिरपत राहिलं आणि काळपट तपकिरी डाग मागे ठेवून गेलं. डागाचा रंग नेमका वल्कलाच्या धाग्यांसारखा. धागा सरळ काट्यापर्यंत गेलेला दिसत होता. कोणीही शपथेवर सांगितलं असतं की कापड अडकलंय.

ओळखीतून कोल्हापूरच्या एका चित्रकाराकडे गेलो. पुरात भिजलेली चित्रं त्याच्याकडे रांगेने भिंतीला टेकून उभी होती, बहुतेक देवांची आणि वडिलांची. त्याने आमचं चित्र उजेडाला धरलं, वाकडं धरलं, भिंग लावलं. म्हणाला, "कोपरा दाबून चिकटवतो, बुरशी काढतो. हा डाग मात्र खोल गेलाय, पुसून जायचा नाही. त्यावर टच-अप करावं लागणार. पांढरं मारून देतो, कळणार पण नाही."

"तिथे रंग नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे राहिला होता?"

"नाही. ठेवला होता."

त्याने माझ्याकडे बघितलं. पूरग्रस्तांशी जपून बोलायची त्याला एव्हाना सवय झाली असावी. "काय करूया सांगा," तो म्हणाला. मी म्हटलं, मालकीणबाईंना विचारून सांगतो.

त्याच दिवसांत, घर वाळायची वाट बघत माडीवर बसलो असताना, मी शाकुंतल काढलं. शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं, आजोबांच्या पेन्सिलीच्या टिपा होत्या, त्यामुळे रखडत का होईना वाचलं. आणि सहाव्या अंकात जे वाचलं ते आजोबांनी मला कधीच कसं सांगितलं नव्हतं याचं अजून नवल वाटतं. की सांगितलं होतं आणि मी भडंग खात होतो?

सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः चित्र काढतो. अंगठी सापडलेली आहे, सगळं आठवलेलं आहे, ती मात्र नाही. चित्रात तिघीजणी आहेत आणि विदूषक आधी विचारतो की यांतली शकुंतला कोणती, मग अंदाजाने तिला बरोबर ओळखतो. राजा चित्रातल्या खुणा दाखवतो. रेषांच्या कडेला घामेजल्या बोटांचे मळकट ठसे उमटलेत, 'रेखाप्रान्तेषु दृश्यते मलिनः', आणि गालावर आसू पडून तिथला रंग फुगलाय. म्हणजे ओल लागून बिघडलेलं चित्र कालिदासाने आधीच बघून ठेवलंय. राजा म्हणतो, चित्र अजून पुरं नाही. मालिनी नदी काढायचीय, तिच्या वाळूत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणं, आणि एक झाड, ज्याच्या फांद्यांवर वल्कलं टांगलेली आहेत. त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी.

शाखालम्बितवल्कल. मी तिथेच अडलो. पहिल्या अंकात ज्या फांदीला वल्कल अडकलेलं नव्हतं, तीच गोष्ट या माणसाला शेवटी आठवते तेव्हा फांदीवर चक्क वल्कलं लोंबतायत. तपस्व्यांची वाळत घातलेली असणार, हे मलाही कळतं. तरी.

या राजाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. न अडकलेलं कापड ती सोडवत होती इतकं बारीक ज्याने पाहिलं, तो पाचव्या अंकात पोटुशी बायको दारात उभी असताना 'आपण कोण' विचारतो. दुर्वासांचा शाप वगैरे ठीक आहे. महाभारतातल्या मूळ गोष्टीत शाप नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं आणि तो भर सभेत 'आठवत नाही' म्हणतो. कालिदासाने मध्ये शाप घालून त्याला कर्जमाफी दिली. वसुली खात्यातल्या माणसाला ती पटत नाही, पण त्या माफीशिवाय सहावा अंक झाला नसता हेही खरं. जाणूनबुजून विसरलेला माणूस चित्र काढत बसत नाही.

आणि एक. शकुंतला जे करते त्याला साक्षीदार एकच, तो स्वतः. पहिल्या अंकात ती आपल्या तोंडाने 'अडकलंय' म्हणते. 'अडकलेलं नव्हतं' हे पुढच्या अंकात फक्त तो म्हणतो. तो 'अपि' त्याचा आहे. हरिपूरच्या कट्ट्यावरच्या माणसाला चेन दिसत होती का? त्याच्या जागेवरून दिसायला हवी होती. तो दर वेळी "पडली का?" असंच विचारायचा.

दिवाळीनंतर चित्र जुन्या धोतरात गुंडाळून तासगावला नेलं. आतोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आत्या पंच्याहत्तरीकडे झुकलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून ठेवलेलं. पडवीत खुर्ची टाकून बसली होती. पुराची चौकशी झाली, कोणाचं किती गेलं ते झालं, सरकारी मदत मिळाली का ते झालं. मग मी धोतर सोडलं आणि चित्र तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने आधी फुगलेली कड चाचपली. "हार्डबोर्ड बरा दिला होता सुताराने," म्हणाली. मग कळीवर बोट ठेवलं. "ही जरा मोठीच झालीय." मी तिला डागाचं सांगणार होतो, कोल्हापूरचा माणूस पांढरं मारून देतो म्हणतोय हे विचारणार होतो, पण तिचं बोट फांदीवरून सरकत आपणहून तिथे गेलं आणि थांबलं. ती चित्र डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने, मग मान वळवून दुसऱ्याने.

"अडकलं म्हणायचं शेवटी," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून द्राक्षांच्या क्रेटचा रिकामा टेम्पो खडखडत गेला.

"आत्या, तो माणूस म्हणतोय की..."

"ते राहू दे. आत जा आणि जरा माझा चष्मा आण. कपाटावर असेल, नाहीतर देवघरात बघ. नीट बघ, घाई करू नकोस."

चष्मा तिच्या गळ्यात होता. काळ्या दोरीला, पदराच्या वर. मी उठलो, आत गेलो, आणि कपाटावर बराच वेळ शोधत राहिलो.